फी माफ झाली, सोबतीचे काय?

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी सव्वासातलाच फाटकाची कडी वाजली. आर्णी तालुक्यातल्या एका गावाहून बापलेक पहिल्या एस.टी.ने यवतमाळला आले होते. बापाच्या हातात कृषी केंद्रातून मिळते तसली प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात मुलीचे सारे आयुष्य: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, रहिवासाचा दाखला, सीईटीचा निकाल. मुलीला पुण्यातल्या एका खासगी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशनला जागा लागली होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यांच्या भागात बारावीच्या शिकवण्या घेते, तिने त्यांना माझ्याकडे धाडले होते. चहा येईपर्यंत बाप गप्प बसून होता. मग त्याने महाविद्यालयाने दिलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, पोरींची फी माफ केली म्हन्ते ना सरकारनं? मंग हे चौऱ्याऐंशी हजार कायचे?"

प्रश्न रास्त होता. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की, इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि ज्यांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जागा मिळाली आहे, त्यांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे शासन भरेल. तोवर ही सवलत निम्म्याची होती. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आधीपासून होत्याच. निर्णय चांगला आहे, हे आधी मोकळेपणाने म्हटले पाहिजे. 'मुलगा इंजिनीअरिंगला, मुलगी बी.एस्सी.ला' ही आमच्याकडच्या घरोघरची वाटणी मोडायला त्याने थोडीफार सुरुवात केली आहे. पण शिक्षण शुल्क म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे. वसतिगृह, मेस, अनामत रक्कम, विकास शुल्क आणि पहिल्या महिन्याची पुस्तके-ड्रॉइंगचे साहित्य मिळून तो चौऱ्याऐंशी हजारांचा आकडा झाला होता. कापूस निघायला अजून तीन महिने होते.

कागदावरची एकेक ओळ मी त्याला समजावून सांगितली. तो फोन करायला अंगणात गेला, तेव्हा इतका वेळ मान खाली घालून बसलेली मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं आपल्याकडची कोणी आहे का?"

एकतीस वर्षे मी या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवले. वर्गातून गेलेल्या मुली हजाराच्या घरात असतील. त्यांतल्या कितीजणी पुण्यात आहेत, कितीजणी इंजिनीअर झाल्या, कोणी संशोधनात टिकली का, यातले मला काहीही धड ठाऊक नव्हते. एकही नाव सांगता आले नाही. चौऱ्याऐंशी हजारांचा प्रश्न ओळखीपाळखीतून आणि एका पतपेढीच्या कर्जातून कसाबसा सुटला. मुलीचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

आमच्याकडे मुलीला तालुक्याला धाडायचे झाले तरी आई आधी विचारते, "सोबत कोणाची आहे?" अलीकडे शासनाच्या पत्रकांत आणि महाविद्यालयांच्या माहितीपुस्तकांत 'मेंटॉर' हा शब्द सर्रास येतो. त्याला कोणी मार्गदर्शक म्हणते. पण मार्गदर्शक म्हटले की पीएच.डी.चे गाइड आठवतात आणि अंगावर काटा येतो. मला सोबत हाच शब्द बरा वाटतो. तीच वाट आधी चालून गेलेले आणि अजून हाकेच्या अंतरावर असलेले माणूस.

विज्ञानातल्या मराठी बायकांच्या गोष्टी आपण फार एकाकी करून सांगतो. कमला सोहोनींचेच पाहा. माहेरच्या त्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये बी.एस्सी. झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तर मुलगी म्हणून चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नकार दिला. त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभर चाचणी म्हणून, अपमानकारक अटींवर त्यांना घेतले. ही गोष्ट आपण भाषणांत सांगतो आणि टाळ्या घेतो. टाळ्यांच्या नादात बाकीचे राहून जाते. वडील स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, त्याच संस्थेत शिकलेले, काकाही तिथलेच. बंगळूरमध्ये श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक पण मनापासून शिकवणारे गुरू मिळाले. १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या त्या मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर. तिथे आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, आणि १९३९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. जिद्द त्यांची होतीच, ती कोणी उसनी दिली नव्हती. पण प्रत्येक वळणावर कोणीतरी उभे होते आणि त्या त्या वेळी हातात पैसा होता. आर्णीच्या मुलीच्या घरी रसायनशास्त्र म्हणजे कपाशीवरची फवारणी. बंगळूर कुठल्या दिशेला आहे, हे तिला कोणी सांगायचे?

रोहिणी गोडबोले अगदी अलीकडच्या. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. कणभौतिकीत त्यांनी जगभर नाव मिळवले. पुण्यात त्यांच्या शाळेत तेव्हा सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान होते. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी विज्ञान त्यांना शिक्षकांच्या मदतीने वेगळे शिकावे लागले. पुढे राष्ट्रीय विज्ञान प्रतिभाशोध शिष्यवृत्ती मिळाली आणि संशोधन हा पोटापाण्याचा उद्योग असू शकतो, हे त्यांना त्यातून कळले. त्या शिष्यवृत्तीत पैशाहून मोठी गोष्ट होती ती हीच. २००८ मध्ये राम रामस्वामींबरोबर त्यांनी 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केले. त्यात भारतीय वैज्ञानिक स्त्रियांनी स्वतःच्या वाटा सांगितल्या आहेत. गावातल्या ग्रंथालयात ते नसेल तर मागून घ्यावे.

आता थोडे आकडे. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या उच्चशिक्षण पाहणीप्रमाणे देशभरात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत २९.८ लाख मुली होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त! अभियांत्रिकीत मात्र मुली एक तृतीयांशालाही पोचत नाहीत. आणि संशोधन व विकासाच्या कामात प्रत्यक्ष असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१८ च्या सुमाराच्या सरकारी आकड्यांत १६.६ टक्के होते. विज्ञानाच्या वर्गातल्या मुली प्रयोगशाळेपर्यंत जाताना कुठे गळतात?

माझ्या वर्गापुरते उत्तर मला माहीत आहे आणि ते फारसे गौरवाचे नाही. शेवटच्या दहा वर्षांत माझ्या बी.एस्सी.च्या वर्गात मुलीच जास्त असत. पाहुणे येत, कौतुक करत, आम्ही छायाचित्रे काढत. खरे कारण असे होते की महाविद्यालय घरापासून जवळ होते, फी कमी होती आणि लग्न ठरेपर्यंत मुलगी पदवीधर होऊन जाई. त्याच घरातला कमी गुणांचा भाऊ कर्ज काढून नागपूरला इंजिनीअरिंगला जाई. बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवासही मुलींना मोफत आहे, तेव्हा तोवर सगळे सुरळीत चालते. पुढे वाट जिल्ह्याबाहेर वळते आणि मुलगी थांबते.

जिल्ह्याचा पसारा केवढा, तर सोळा तालुके आणि साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र. वणीची मुलगी यवतमाळला यायचे तर शंभराच्या वर किलोमीटर. वर्धा-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा सुरू व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. शकुंतला तर कधीच थांबली. तरी अभियांत्रिकीचे शिक्षण आमच्याकडे नवे नाही. विनाअनुदानित महाविद्यालयांना राज्याने दार उघडले त्या १९८३ सालीच पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये आले. मुलींसाठी राज्यात अभियांत्रिकीच्या तीस टक्के जागा राखीव असतात. म्हणजे चाळीस वर्षे या जिल्ह्यातून मुली इंजिनीअर होऊन बाहेर पडताहेत. त्या सगळ्या आहेत कुठे? कोणाकडेही यादी नाही. माजी विद्यार्थी मेळाव्याला येतात ते बहुतेक पुरुष. बायकांची आडनावे बदलतात, गावे बदलतात आणि हजेरीपटातला धागा तुटतो.

वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिथल्या मुली लहानपणापासून साहेब लोकांच्या जीपगाड्या पाहत मोठ्या होतात. जीपमधून बाई उतरताना त्यांनी पाहिलेली नसते. त्यात नुसत्या रूढीचा दोष नव्हता. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत कामाला बंदीच होती, ती २०१९ मध्ये सैल झाली. आता मायनिंग इंजिनीअरिंग शिकलेली मुलगी खाणीत उतरू शकते. पण कायदा बदलला ही बातमी वणीच्या अकरावीतल्या मुलीपर्यंत कोणी नेली? मी एका शाळेत सांगितले, तर शिक्षकांनाच ते नवे होते.

शिष्यवृत्त्यांचेही तेच आहे. त्या नाहीत असे कोणी म्हणू नये. तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' मुलींसाठीच आहे: वर्षाला पन्नास हजार, एका घरातल्या दोघींपर्यंत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम्, अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. केंद्राची 'इन्स्पायर' २००८ मध्ये सुरू झाली. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ऐंशी हजार, आणि त्यांतले वीस हजार उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रकल्प करण्यासाठी. ज्याने ही योजना आखली त्याला सोबतीचे महत्त्व कळले होते, हे उघड आहे. मात्र तो संशोधक शोधायचा कसा, हे तालुक्याच्या गावातल्या मुलीला कोण सांगणार? पत्र कसे लिहायचे, कोणाला लिहायचे, उत्तर नाही आले तर पुन्हा लिहावे का, हे सारे घरात कोणी केलेले असले तरच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट महिन्याची. खर्च जुलै-ऑगस्टात येतो आणि शिष्यवृत्तीचे पैसे कित्येकदा वर्ष संपताना खात्यात पडतात. मधल्या काळात मेस बंद होते, बाप बियाण्यांची उधारी पुढे ढकलतो, सोयरे सुचवू लागतात की घरी आणा. आणि कागदपत्रे! जात पडताळणीसाठी अर्ज अकरावीतच करायचा असतो, हे माहीत नसल्यामुळे मिळालेली जागा गेलेल्या तीन मुली माझ्या ओळखीच्या आहेत. तिघींचे गुण माझ्या तेव्हाच्या गुणांहून चांगले होते. वर्षभर आधी कोणी एक वाक्य सांगितले असते तर भागले असते.

पैसा आणि सोबत एकत्र आली की काय होते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. फाळणीत सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबातल्या लीला पूनावाला १९६७ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढे त्या 'अल्फा लाव्हल'च्या भारतातल्या प्रमुख झाल्या. १९९५ मध्ये त्यांनी मुलींच्या शिष्यवृत्त्यांसाठी प्रतिष्ठान काढले. तिथे धनादेश देऊन निरोप देत नाहीत. मुलाखती होतात, इंग्रजी आणि नोकरीच्या तयारीची शिबिरे होतात आणि शिकत असलेल्या मुली शाळेतल्या धाकट्यांना हाताशी धरतात. पुण्यातून हे काम वर्धा, अमरावती, नागपूर या जिल्ह्यांपर्यंत आले आहे. नकाशा काढून पाहा, आमच्या वेशीपर्यंत आले आहे. मुंबईतली 'कॅटॅलिस्ट' ही संस्थाही गरीब घरांतल्या इंजिनीअरिंगच्या मुलींना नोकरी करणाऱ्या अनुभवी माणसांशी जोडून देते. दोन्हीकडे कल्पना साधीच आहे: पैसे देणाऱ्याने पैसे देऊन मोकळे व्हायचे नाही.

'प्रत्येक महाविद्यालयात मेंटॉर नेमा' असा आदेश काढून हे होईल का? मला शंका आहे, आणि ती स्वतःच्या अनुभवातून आलेली आहे. आमच्याकडे 'टीचर गार्डियन' पद्धत होती. प्रत्येक अध्यापकाकडे वीस विद्यार्थी आणि एक नोंदवही. महिन्यातून एकदा भेटायचे, अडचणी लिहायच्या. मूल्यांकन समिती यायची असली की त्या वह्यांना बहर येई. मीही भरल्या आहेत. 'विद्यार्थिनीच्या समस्या' या रकान्यात मी बारा वर्षे 'काही नाही' असे लिहिले. त्याच वह्यांतल्या दोघी दुसऱ्या सत्रानंतर आल्याच नाहीत. मी तेव्हा त्यांच्या घरी गेले नाही. तास होते, उत्तरपत्रिका होत्या, घरी सासूबाईंचे आजारपण होते. कारणे खरी होती.

शिवाय अध्यापक बाईला मुलगी सारे सांगत नाही. आमच्या हातात तिचे अंतर्गत गुण असतात. वसतिगृहात रडू येते, इंग्रजी समजत नाही, वर्कशॉपमध्ये मुले हसतात, हे ती तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या, त्याच वर्कशॉपमधून गेलेल्या मुलीला सांगेल. आणि मोठ्या वयाच्या मार्गदर्शकांना एक खोड असते, मी माझ्यावरून सांगते: आम्ही उपदेश करतो.

म्हणून त्या ऑगस्टात बापलेकीची एस.टी. गेल्यावर मी दोनशे पानी वही घेतली आणि आठवतील त्या मुलींची नावे लिहू लागले, माहेरच्या आडनावाने. मग फोन. एकीने दुसरीचा नंबर दिला, दुसरीने तिसरीचा. काहींनी "मॅडम, आता मी घरीच असते, मला काय विचारता" म्हणून फोन ठेवला. पदवी सुवर्णपदकासह घेतलेल्या एकीने असे म्हटले, तेव्हा मला दिवसभर काही सुचले नाही. नोकरीत खंड पडलेल्या शास्त्रज्ञ स्त्रियांसाठी केंद्राने २००२-०३ पासून खास योजना चालवली, तिचे नावही तिने ऐकले नव्हते. मीही तिला वेळेवर सांगितले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात दिग्रसकडची एक सापडली. पुसदला शिकलेली, आता पुण्यात एका कारखान्यात ऑटोमेशनचे काम पाहते. मी आर्णीच्या मुलीचा नंबर दिला आणि गप्प बसले. पुढचे सारे त्या दोघींतले आहे, मला तुकड्यातुकड्यांनी कळले. पहिल्या रविवारी ताईने तिला जुन्या पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात नेले आणि ड्रॉइंगचा बोर्ड स्वतःचा दिला. २०२५ च्या सुरुवातीला पहिल्या सत्राचा निकाल लागला, तेव्हा मुलगी गणितात आणि आणखी एका विषयात नापास झाली होती. जिल्ह्यात बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवलेली पोर! तिने बॅग भरली. वडिलांना फोन केला असता तर ते दुसऱ्या दिवशी न्यायला गेले असते, आणि त्यांचेही काही चुकले नसते. तिने आधी ताईला फोन केला.

ताई म्हणाली, "एम-वन ना? मलेबी लागली होती. दोनदा."

बस्स. एवढ्यावर बॅग रिकामी झाली. हे वाक्य मी बोलू शकले नसते. मी कधी नापास झाले नव्हते. मुलीने पुढच्या परीक्षेत दोन्ही विषय सोडवले. 'प्रगती'चा अर्जही ताईने समोर बसवून भरून घेतला.

सगळ्याच गोष्टी अशा झाल्या नाहीत. त्याच वर्षी घाटंजीकडची एक मुलगी छत्रपती संभाजीनगरला गेली होती. तिच्यासाठी तिथे मला कोणी सापडले नाही. दिवाळीला घरी आली ती परत गेली नाही. फी तिचीही माफ होती.

आता वहीत त्रेसष्ट नावे आहेत. त्यांतल्या एकोणीसजणी एकेका धाकटीची सोबत करायला तयार झाल्या, प्रत्यक्षात अकराजणी करतात. यासाठी ना संस्था लागली, ना कार्यालय. फोनचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून होतो. पण दोनशे पानी वहीने सोळा तालुक्यांचे काम होणार नाही, हे मला कळते. जुने हजेरीपट महाविद्यालयांच्या कपाटांत आहेत. पुसदचे १९८३ पासूनचे, यवतमाळचे १९९६ पासूनचे. माहेरच्या आडनावांनी त्यांतल्या मुलींचा माग काढायला दोन हुशार विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्याचे काम पुरेल. पतपेढ्या आणि सहकारी बँकांनी मुलींसाठी ऑगस्ट ते मार्च एवढ्यापुरते बिनव्याजी कर्ज काढले, शिष्यवृत्ती आली की परत घ्यायचे, तर त्यांचेही काही बुडणार नाही. मी एका संचालकांशी बोलले आहे. "बघू" म्हणाले.

वहीत मी तालुक्यावार पाने पाडली आहेत. पुसदची पाने भरली, नवी चिकटवावी लागली. दारव्हा, वणी, उमरखेड बरी आहेत. मारेगावला एक नाव आहे. झरी-जामणीकडे, कोलामांच्या पोडांवरून, इंजिनीअर झालेली मुलगी मला अजून सापडलेली नाही. कोणा वाचकाच्या माहितीत असेल तर कळवावे. मार्चमध्ये तिथल्या आश्रमशाळेतली बारावीची एक मुलगी सीईटीचा अर्ज भरायला माझ्याकडे येऊन गेली, आणि जाताना तिनेही तोच प्रश्न विचारला.